दिवाणी अपील : हक्क आणि मर्यादा

दिवाणी दाव्यात हरलेला पक्षकार न्यायालयाबाहेर पडताच वकिलाला पहिला प्रश्न विचारतो तो हा की, "आता वर जाता येईल काय?" जिंकलेल्या पक्षकाराच्या मनातही नेमका हाच प्रश्न घोळत असतो, फरक एवढाच की, त्याला त्या प्रश्नाची धास्ती वाटत असते. 'वर जाणे' या दोन शब्दांत सामान्य माणसाची अपिलाविषयीची सारी समजूत सामावलेली आहे. खाली एक न्यायाधीश, त्याच्या वर दुसरा मोठा न्यायाधीश. खालच्याने ऐकले नाही तर वरच्याकडे गाऱ्हाणे न्यावे आणि सारी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी, अशी ही समजूत होय. ती स्वाभाविक आहे, परंतु बरोबर नाही. या चुकीच्या समजुतीपायी कित्येक कुटुंबांचा पैसा आणि उमेदीची वर्षे खर्ची पडतात; आणि उलटपक्षी, ज्यांना खरोखरच दाद मिळाली असती असे लोक चार-दोन साध्या गोष्टी माहीत नसल्यामुळे तिला मुकतात. म्हणून अपील म्हणजे काय आणि काय नव्हे, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे.

अपील म्हणजे तोच दावा नव्याने चालवणे नव्हे. खालच्या न्यायालयाने दिलेला निर्णय बरोबर आहे की चूक, याची वरच्या न्यायालयाने केलेली तपासणी म्हणजे अपील. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत; नवे कागद सहसा दाखल होत नाहीत. पूर्वी नोंदलेला पुरावा आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष यांची सांगड नीट बसते की नाही, हे तेथे पाहिले जाते.

या तपासणीच्या मुळाशी समाजाच्या दोन गरजा आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढणाऱ्या आहेत. न्यायाधीश हाही माणूसच. त्याच्या हातून चूक होऊ शकते आणि ती सुधारण्याची सोय असली पाहिजे, ही पहिली गरज. तंटा कोठे तरी संपला पाहिजे, जिंकलेल्याला आपल्या शेतात निर्धास्तपणे नांगर घालता आला पाहिजे, ही दुसरी. पहिल्या गरजेकडे दुर्लक्ष केले तर अन्याय कायम होतो. दुसरीकडे केले तर न्याय मिळूनही हाती लागत नाही. अपिलाचे सारे नियम म्हणजे या दोहोंमध्ये तोल साधण्याचा प्रयत्न होय.

हा विचार आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत कुल, श्रेणी, पूग आणि राजाने नेमलेले अधिकारी अशी निवाडा करणाऱ्यांची चढती श्रेणी सांगितली आहे. तेथेच दोन नियम शेजारी शेजारी आढळतात. न्यायाने हरलेला असूनही 'मी हरलोच नाही' असे मानून जो पुन्हा येईल, त्याला पुन्हा हरवून त्याच्याकडून दुप्पट दंड घ्यावा, हा एक. आणि राजाला फेरतपासणीत निवाडा चुकीचा झाल्याचे आढळले तर जिंकलेल्या पक्षासह सभासदांनाच दुप्पट दंड करावा, हा दुसरा. हटवादी पक्षकार आणि निष्काळजी न्यायसभा या दोघांनाही स्मृतिकाराने एकाच मापाने मोजले आहे.

आजची व्यवस्था मात्र वेगळ्या मार्गाने घडत आली. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार बंगालमध्ये जिल्हावार दिवाणी अदालती आणि त्यांच्यावर कलकत्त्यास सदर दिवाणी अदालत स्थापन झाली. १८५९ मध्ये पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता झाली. १८६२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे उच्च न्यायालये सुरू झाली. अखेरचे अपील मात्र साता समुद्रापलीकडे, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. तो मार्ग १९४९ च्या कायद्याने बंद झाला आणि जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात आले. दिवाणी कामकाजाचा मूळ ग्रंथ अद्यापही १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता हाच आहे. तिच्यात १९७६, १९९९ आणि २००२ साली महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दिवाणी दावा लावण्याचा हक्क प्रत्येकाला स्वभावतःच असतो. कायद्याने मनाई केलेली नसली म्हणजे झाले. अपिलाचे तसे नाही. कायद्याने दिले असेल तरच अपील आहे. परंतु एकदा तो हक्क दिला की, तो केवळ कार्यपद्धतीचा भाग राहत नाही. दावा दाखल झाला त्याच दिवशी त्या वेळच्या कायद्यानुसार अपिलाचा हक्क पक्षकाराच्या ठायी निर्माण होतो आणि नंतरच्या कायद्याने तो स्पष्टपणे अथवा अपरिहार्य अर्थाने काढून घेतल्याखेरीज नष्ट होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगितले आहे.

नियमांची नुसती यादी करण्यापेक्षा एक काल्पनिक उदाहरण घेतलेले बरे. एका गावात दोन भाऊ आहेत. वडिलांची स्वकष्टार्जित चार एकर विहीर-बागायत जमीन. वडील वारल्यावर थोरला म्हणतो, त्यांनी मृत्युपत्र करून सारी जमीन मला दिली. धाकटा म्हणतो, मृत्युपत्र खोटे आहे. तो वाटपाचा दावा लावतो. दिवाणी न्यायाधीश मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे ठरवतात आणि धाकट्याचा निम्मा हिस्सा आहे असा प्राथमिक हुकूमनामा देतात. प्रत्यक्ष वाटणी व्हावयाची अजून बाकी आहे. शेतसारा बसणाऱ्या जमिनीची वाटणी जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते आणि त्या कामी बराच काळ जातो.

थोरल्याची पहिली चूक येथेच होण्याचा संभव असतो. 'हा तर प्राथमिक हुकूमनामा, अंतिम झाल्यावर पाहू,' असे तो मनाशी म्हणतो. संहितेचे कलम ९७ सांगते की, प्राथमिक हुकूमनाम्यावर ज्याने अपील केले नाही, त्याला अंतिम हुकूमनाम्यावरील अपिलात त्याच्या बरोबर-चुकीचा वाद काढता येत नाही. मोजणीदार शेतात साखळी टाकू लागल्यावर जागे होऊन उपयोग नाही. हिस्स्याचा प्रश्न तोपर्यंत कायमचा मिटलेला असतो.

दुसरी बाब मुदतीची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवस आणि इतर न्यायालयांत ३० दिवस मिळतात. अपील कोणत्या न्यायालयात होईल हे दाव्याच्या मूल्यांकनावर आणि मूळ न्यायालयाच्या दर्जावर अवलंबून असते. त्यासंबंधीच्या मर्यादा राज्यागणिक वेगळ्या आहेत. थोरल्याचे अपील जिल्हा न्यायालयात होणार, म्हणजे त्याला ३० दिवस आहेत. निकालाचा दिवस त्यातून वगळतात. त्याचप्रमाणे हुकूमनाम्याची व न्यायनिर्णयाची प्रमाणित नक्कल तयार होण्यास जो काळ लागतो तोही वगळतात. मात्र नक्कलेचा अर्ज करण्यापूर्वी घरी बसून घालवलेले दिवस आणि नक्कल तयार झाल्यावर ती नेण्यास केलेला उशीर हे दोन्ही पक्षकाराच्याच खात्यावर पडतात. म्हणून निकालानंतरचे पहिले काम म्हणजे संताप करणे नव्हे, नक्कलेचा अर्ज करणे होय.

मुदत टळली तरी दार पूर्णपणे बंद होत नाही. पुरेसे कारण असेल तर न्यायालय विलंब माफ करू शकते. त्यासाठी कारणे नमूद केलेला अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलाबरोबरच द्यावा लागतो. आजारपण, पूर, नक्कल चुकीच्या न्यायालयात दाखल होणे, अशी खरी कारणे सांगावीत. केवळ मुदतीच्या काटेकोरपणापायी न्याय्य बाजू मारली जाऊ नये, असे धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्वीकारले. पण निष्काळजीपणाला त्यात आश्रय नाही.

तिसरी बाब सर्वांत अधिक गैरसमजाची आहे. अपील दाखल झाले की खालचा हुकूमनामा आपोआप थांबतो, अशी समजूत शहरांतही आढळते. संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये नेमके याच्या उलट म्हटले आहे. अपील दाखल असतानाही हुकूमनाम्याची अंमलबजावणी चालू राहू शकते. ती थांबवावयाची तर स्थगितीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात : स्थगिती न मिळाल्यास भरीव नुकसान होईल, अर्ज विनाकारण उशिरा केलेला नाही, आणि पुढे अपील फेटाळले गेल्यास हुकूमनाम्याचे पालन होईल यासाठी योग्य तारण दिले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात वादग्रस्त रक्कम भरण्यास वा तारण देण्यास न्यायालय सांगू शकते. भाडेकरूच्या हातात अपिलाच्या दाखल्याचा कागद असतो आणि बेलिफ घराचा ताबा घेऊन जातो, असे प्रसंग घडतात ते यामुळेच. पुढे अपिलात हुकूमनामा फिरला तर कलम १४४ नुसार पूर्वस्थिती परत मिळवता येते; परंतु मोडलेला संसार कलमाने पुन्हा उभा राहत नाही.

अपिलाच्या अर्जात सारी कहाणी सांगावयाची नसते. खालच्या निर्णयावरील आक्षेप थोडक्यात, क्रमांक देऊन आणि वादविवाद टाळून मांडावयाचे असतात. 'न्यायाधीशांनी आमचे ऐकले नाही' हा आक्षेप नव्हे. 'मृत्युपत्रावर सही केलेल्या अमुक साक्षीदाराची साक्ष उलटतपासात अबाधित राहिली असता ती का नाकारली याचे कारण न्यायनिर्णयात दिलेले नाही' हा आक्षेप होय. एकात नुसती तक्रार आहे, दुसऱ्यात चुकीकडे दाखवलेले बोट आहे. प्रथमदर्शनी अपिलात काहीच तथ्य नसेल तर समोरच्या पक्षाला न बोलावताही न्यायालय ते फेटाळू शकते.

तथ्य दिसले तर उत्तरवादीला, म्हणजे येथे धाकट्या भावाला, नोटीस जाते. त्यालाही केवळ बचाव करीत बसावे लागत नाही. समजा, त्याने मधल्या वर्षांच्या उत्पन्नाचा वाटा मागितला होता आणि तेवढी मागणी नाकारली गेली होती. तो स्वतंत्र अपिलाऐवजी नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात प्रति-आक्षेप दाखल करू शकतो. थोरल्याने नंतर अपील मागे घेतले तरी धाकट्याच्या प्रति-आक्षेपाची सुनावणी होऊ शकते. अपील ही दुधारी तलवार आहे, हे अपीलकर्त्याने आधीच ओळखलेले बरे.

पहिले अपील हे पक्षकाराचे सर्वांत मोलाचे अपील होय, कारण त्यात वस्तुस्थितीचे आणि कायद्याचे असे दोन्ही प्रश्न मोकळे असतात. जिल्हा न्यायाधीश साऱ्या पुराव्याचा स्वतंत्रपणे विचार करतात. तरीही साक्षीदाराला बोलताना पाहण्याची संधी मूळ न्यायाधीशालाच मिळालेली असते. साक्षीदार कोठे अडखळला, कोठे नजर चुकवली, हे कागदावर उतरत नाही. म्हणून साक्षीच्या विश्वासार्हतेबाबत मूळ न्यायालयाचे मत सहजासहजी बदलले जात नाही. ते बदलावयाचे तर मूळ न्यायालयाच्या कारणांना थेट भिडून आपली कारणे द्यावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बजावले आहे. अपिलाच्या निर्णयात विचारार्थ मुद्दे, त्यांवरील निष्कर्ष, कारणे आणि मिळणारी दाद ही चार अंगे असलीच पाहिजेत. कामकाजातील ज्या उणिवेने निकालाच्या गुणावगुणांवर वा न्यायालयाच्या अधिकारावर परिणाम झालेला नाही, तेवढ्यावरून हुकूमनामा उलटवता येत नाही.

नवा पुरावा? सामान्यतः नाही. दाव्यात राहून गेलेली उणीव भरून काढण्यासाठी अपील नाही. परंतु मूळ न्यायालयाने घ्यावयास हवा होता तो पुरावा नाकारला असेल, किंवा योग्य ती दक्षता घेऊनही तो पुरावा पूर्वी माहीत होणे वा हजर करणे शक्य झाले नसेल, किंवा निर्णय देण्यासाठी न्यायालयालाच त्याची गरज वाटली असेल, तर तो घेता येतो. थोरल्याला माळ्यावरच्या पेटीत वडिलांचे पत्र सापडले म्हणून भागणार नाही. ती पेटी दाव्याच्या वेळी त्याच माळ्यावर असताना उघडली का नाही, याचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

सुनावणीस वर्षे लागतात आणि त्या वर्षांत माणसे मरतात. अपीलकर्ता वारला तर त्याच्या वारसांची नावे ९० दिवसांत अभिलेखावर यावी लागतात. न आल्यास त्याच्यापुरते अपील बाद होते. बाद झालेले अपील पुन्हा उभे करण्याचा अर्ज त्यानंतर ६० दिवसांत करावा लागतो. उत्तरवादी वारल्यासही अपीलकर्त्यावर हीच जबाबदारी पडते. आपला पक्षकार वारल्याचे कळताच वकिलाने ते न्यायालयाला कळवावे, असे बंधन १९७६ च्या दुरुस्तीने घातले. तरीही बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत तारखेचे भान राहत नाही आणि बापाने जपलेला वाद मुलांच्या हातून नकळत निसटतो. घरात कोणाला तरी अपिलाचा क्रमांक, वकिलाचे नाव आणि पुढची तारीख ठाऊक असणे आवश्यक आहे. आज तारखा संगणकावर पाहता येतात. परंतु पाहणारा कोणी तरी असावा लागतो.

पहिल्या अपिलाचा निकाल लागला, म्हणजे मूळ हुकूमनामा अपिलाच्या हुकूमनाम्यात विलीन होतो. यानंतर उच्च न्यायालयात दुसरे अपील करता येते, पण आता दार फार अरुंद झालेले असते. कायदा आयोगाने १९७३ च्या आपल्या ५४ व्या अहवालात दुसऱ्या अपिलाच्या व्याप्तीचा विचार केला होता. त्यानंतर १९७६ च्या दुरुस्तीने, १९७७ पासून, असे ठरले की, कायद्याचा सारभूत प्रश्न गुंतलेला असेल तरच दुसरे अपील ऐकले जाईल. तो प्रश्न उच्च न्यायालयाने शब्दबद्ध केला पाहिजे आणि सुनावणी त्या प्रश्नापुरती झाली पाहिजे.

वस्तुस्थिती आणि कायदा यांतील ही रेषा भावांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सही करताना वडील शुद्धीवर होते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. दोन्ही न्यायालयांनी 'नव्हते' म्हटले की तो सामान्यतः तेथेच संपला. आता समजा, जिल्हा न्यायाधीशांनी थोरल्याचे अपील मान्य करून मृत्युपत्र सिद्ध मानले. मृत्युपत्रावर किमान दोघांच्या साक्षी हव्यात आणि ते सिद्ध करताना त्यांपैकी कोणी हयात व साक्ष देण्याजोगा असेल तर किमान एकाला तपासले पाहिजे, असा कायदा आहे. दोघेही गावात हयात असताना एकालाही न तपासता मृत्युपत्र सिद्ध मानले असेल, तर तो कायद्याचा प्रश्न झाला आणि धाकट्याला उच्च न्यायालयाचे दार मोकळे आहे. निकाल चुकला असे वाटणे पुरेसे नाही. तो कायद्याच्या कोणत्या ठिकाणी चुकला हे सांगता आले पाहिजे.

काही ठिकाणी हे दारही नाही. केवळ २५ हजार रुपयांपर्यंतच्या पैशाच्या वसुलीचा दावा असेल तर दुसरे अपील होत नाही. उभयपक्षी संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोक अदालतीच्या निवाड्यावरही अपील नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करताना ती सही शेवटची आहे, हे जाणूनच करावी. न्यायनिर्णयात उघड दिसणारी चूक असेल तर त्याच न्यायालयाकडे पुनर्विलोकन मागता येते. आणि ज्या निर्णयावर अपील नाही, तेथे अधिकारकक्षेच्या चुकीपुरता पुनरीक्षणाचा उपाय असतो. हे दोन्ही मार्ग अपिलाहून निराळे आणि अधिक अरुंद आहेत.

राहता राहिले सर्वोच्च न्यायालय. संविधानाच्या अनुच्छेद १३३ मध्ये पूर्वी २० हजार रुपयांच्या मूल्याची एक कसोटी होती; म्हणजे मोठ्या मिळकतीच्या धन्याला जो मार्ग मोकळा, तो लहान शेतकऱ्याला बंद. १९७२ च्या घटनादुरुस्तीने ती कसोटी गेली. आता सर्वसाधारण महत्त्वाचा, कायद्याचा सारभूत प्रश्न असून त्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने करणे आवश्यक आहे, असे उच्च न्यायालयाने प्रमाणित करावे लागते. अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगीने अपील करता येते. पण परवानगी देणे न देणे हे न्यायालयाच्या विवेकावर आहे, तो पक्षकाराचा हक्क नव्हे. शेकडो मैलांचा प्रवास आणि जमिनीच्या किमतीशी स्पर्धा करणारा खर्च करूनही परवानगीचा अर्ज काही मिनिटांत फेटाळला जाऊ शकतो.

पैशाअभावी ज्याला अपील करता येत नाही, त्याच्यासाठीही कायद्याने सोय ठेवली आहे. निर्धन व्यक्तीस न्यायालय फी न भरता अपील करण्याची परवानगी मागता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अन्य काही वर्गांतील व्यक्तींना १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यासाठी कार्यालय असते. तेथे नुसता अर्ज करण्याचे धैर्य हवे.

हुकूमनामा मिळाला की हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी खऱ्या अर्थाने सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली दरभंगा राजच्या एका प्रकरणात काढले होते. त्यांना आज दीडशेहून अधिक वर्षे झाली. ते जुने झालेले नाहीत. त्याचा दोष केवळ न्यायालयांवर टाकून भागणार नाही. निकाल चुकला म्हणून केलेले अपील आणि समोरच्याला शेतात पाऊल टाकू द्यावयाचे नाही म्हणून केलेले अपील, ही दोन्ही एकाच रांगेत उभी असतात. दुसऱ्याने अडवलेली प्रत्येक तारीख पहिल्याच्या न्यायातून वजा होते.

म्हणून अपील करण्यापूर्वी न्यायनिर्णय संपूर्ण वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर वाचवून घ्यावा. चूक कोठे आहे हे एका वाक्यात सांगता येते काय, ती चूक सुधारली तर निकाल बदलेल काय, आणि बदललेला निकाल हाती येईपर्यंत त्याचा उपभोग घेण्यास घरात कोण असेल, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे होकारार्थी असतील तर मुदतीच्या आत, निर्भयपणे अपील करावे. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. नसतील तर भावाला बोलावून बांधावर बसावे आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. त्या ठरावावर अपील नसते, आणि त्याची गरजही सहसा पडत नाही.